मंडईमागच्या मुली

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्यापाशीही नाही. त्याला वाटतं, मी शबानासाठी भांडले होते. शबानालाही तेच वाटतं — आणि खरा त्रास तिथेच आहे.

कुठून सुरू करू? शबानापासूनच करते. ती दापोलीकडची. तिचे मिस्टर, इक्बालभाई, यांचं मंडईजवळ शिलाईचं दुकान. प्लांटवरच्या कामगारांचे बॉयलर सूट शिवायचे, उसवलेले नीट करायचे. राहायचे मंडईच्या मागच्या गल्लीत. आम्ही कंपाउंडमध्ये, म्हणजे कंपनीच्या कुंपणाआतल्या वसाहतीत. माझा नवरा इथे सौदीत, रास अल खैरच्या एका प्लांटवर इंजिनिअर. एरवी आमची गाठ पडायचं कारण नव्हतं. पण माझी इरा आणि तिची झोया एका वर्गात, एका बाकावर. शाळेच्या फाटकाशी मी इराला मराठीत ओरडले, तर मागून कुणीतरी म्हणालं, "वहिनी, तुमी आपल्याकडच्या?" त्या दिवसापासून दर आठवड्याला मी तिच्याकडे जायची. परक्या देशात आपली भाषा कानावर पडली की माणूस किती पटकन बसतं जमिनीवर, पाय पसरून — तसं झालं होतं माझं.

शाळा आपल्या भारतीय मुलांची, बाजारातल्या एका जुन्या भाड्याच्या इमारतीत. सगळे तिथेच. इंजिनिअरची मुलं, दुकानदाराची, ड्रायव्हरची. मग शाळेने नवी इमारत बांधली. प्रयोगशाळा, मोठं वाचनालय, अकरावी-बारावीचं सायन्स फक्त तिथेच. पण सगळी मुलं मावणार नव्हती. कुठल्या भागातली मुलं नवीकडे आणि कुठली जुन्यातच, हे पालकांच्या कमिटीने सुचवायचं होतं. त्या कमिटीत मी होते.

नकाशा भिंतीवर लावला होता. सरळ रेघ ओढली असती तर मंडईमागची वस्ती नव्या शाळेत येत होती — आमच्या कंपाउंडपेक्षा जवळच होती ती. पण कंपाउंडच्या बायकांचं आधीच ठरलं होतं. 'लेव्हल' हा शब्द चहाच्या प्रत्येक कपाबरोबर यायचा. वर्गात गर्दी नको, लेव्हल राहिली पाहिजे. ते मुसलमान म्हणून होतं का? मी हे स्वतःला खूपदा विचारलंय. नाही — आमच्या बाजूने बोलणाऱ्यांत एक मुसलमान डॉक्टरही होते. रेघ घर पाहून ओढली जात होती.

आणि मी? मी नाशिकला म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकले. हे कंपाउंडमध्ये कुणाला ठाऊक नव्हतं. इरा घरी 'तुमी-आमी' बोलायला लागली होती, झोयाचं ऐकून. एका वाढदिवसाला ती तशी बोलली, आणि दोघीतिघी हसल्या. माझे कान तापले. हे कारण म्हणून सांगत नाही. कोण होते मी तेव्हा, एवढंच.

मीटिंगच्या आधी शबाना म्हणाली होती, "वहिनी, तुमी बोला ना आमच्यासाठी. झोयाला डॉक्टरकीचं वेड लागलंय. आमचं तिथं कोण हाय?" मी तिचा हात हातात घेतला. म्हटलं, बोलते.

मीटिंगला प्रिन्सिपल मॅडम नकाशापाशी उभ्या होत्या. केरळच्या, शांत बाई. त्यांनी मंडईमागच्या वस्तीवर बोट ठेवलं आणि विचारलं, हा तुकडा का वगळायचा? कुणी बोललं, बस आत जाणार नाही. त्या म्हणाल्या, पाण्याचे टँकर जातात ना? मग त्या माझ्याकडे वळल्या. "आप तो उन लोगों को जानती हैं ना?"

सगळे माझ्याकडे पाहत होते.

मी म्हणाले, मी त्यांच्या घरी जाते. त्या बायका गाडी चालवत नाहीत. जुनी शाळा त्यांना पायी जवळ पडते. त्यांनाच नवीकडे यायचं नाहीये.

त्यांनाच नाहीये. शबानाच्या घरात बसून, तिच्या हातचं खाऊन मिळवलेली ओळख मी तिथे पुढे केली. दुसरं कुणी म्हणालं असतं तर मॅडमनी मानलं नसतं. माझं मानलं. रेघ त्या वस्तीला वळसा घालून गेली.

इराने घरी एवढंच विचारलं, "बट व्हाय, आई? झोया तो पास में रहती है।" मी म्हटलं, मोठ्यांच्या गोष्टी असतात.

तुम्हाला वाटेल, संपलं. मलाही वाटलं होतं, इतकंच सांगून थांबावं. पण खरी गोष्ट पुढे आहे.

दोन दिवसांनी शबानाचा फोन आला. वस्तीतल्या आठदहा आया जमल्या होत्या. सगळ्या मिळून प्रिन्सिपल मॅडमना भेटायला जाणार होत्या. "तुमी कमिटीत एवढं बोललात, तरी ऐकलं नाय त्यांनी. आता आमीच जातो." त्या गेल्या असत्या, तर मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला असता — तुम्हालाच नको होतं ना?

मी गाडी काढली आणि तिच्या घरी गेले. ती बुरखा चढवून निघायच्या तयारीत, डोळे चमकत होते. तिला असं मी कधी पाहिलं नव्हतं. इतर बायका खाली जिन्यात वाट बघत होत्या. मी दार लोटलं आणि म्हटलं, "शबाना, जाऊ नकोस. कमिटीत मोठमोठी माणसं आहेत. दुकान कफीलच्या नावावर आहे ना? गोष्ट त्याच्या कानावर गेली आणि इकाम्याचं काही झालं तर?"

कुणीच कफीलला, त्यांच्या त्या सौदी जामीनदाराला, सांगणार नव्हतं. शाळेचा आणि इकाम्याचा, इथे राहायच्या परवान्याचा, काडीचा संबंध नव्हता. मला ते माहीत होतं. तिला माहीत नव्हतं — आणि तिला ते माहीत नाही, हेही मला माहीत होतं.

ती कॉटवर बसली. मग म्हणाली, "बरं झालं सांगितलंत. आमाला काय कळतंय यातलं." आणि बुरखा काढून माझ्यासाठी सरबत करायला आत गेली. जिन्यातल्या बायका थोड्या वेळाने पांगल्या. मला त्यांच्या चपलांचा आवाज ऐकू येत होता. मी सरबत प्यायले.

दहावीला झोया जुन्या इमारतीत पहिली आली. सायन्सला जागा उरल्या तर जुन्याकडच्या मुलींना घेऊ, असं शाळेने सांगितलं होतं. जागा उरल्या नाहीत. तिला दापोलीला, मावशीकडे पाठवायचं ठरलं. दम्मामच्या विमानतळावर मीच मायलेकींना सोडायला गेले, शबाना तिला पोचवून परतणार होती; दुकान बंद ठेवणं इक्बालभाईंना जमत नव्हतं. झोया मागच्या सीटवर, खिडकीकडे तोंड करून. सगळ्या रस्त्यात एकदाच बोलली. "इराला सांगा, मी लिहीन." लिहिलं तिने. इराने दोनदा उत्तर दिलं, मग तिच्या नव्या मैत्रिणी झाल्या.

पोर तिकडे एकटी, म्हणून वर्षभरात शबानाही गेली. जाताना तिने मला मिठी मारली आणि इतक्या जणींसमोर म्हणाली, कंपाउंडमधून एकच माणूस आमच्यासाठी उभं राहिलं. मी मान खाली घातली. बायकांना वाटलं, संकोच.

इक्बालभाई आता दुकानातल्या कारागिरांबरोबर एका खोलीत राहतात. घर सोडलं त्यांनी. गेल्या महिन्यात मी पडदे शिवायला टाकायला गेले, कारण शहरात त्यांच्यासारखा हात नाही — आणि टाळलं असतं तर का टाळते, हा प्रश्न आला असता. त्यांनी खुर्ची पुसून दिली, चहा मागवला. झोया फार्मसी करते म्हणाले. डॉक्टरकीचं नाही जमलं, दोन वर्षं नवं गाव, नवी शाळा, मन लागलं नाही तिचं. मग म्हणाले, "वहिनी, शबाना अजून सांगते लोकांना. तुमी होतात म्हणून कुणी बोललं तरी."

कारागीर नमाजाला गेले होते. दुकानात आम्ही दोघंच. मशीन बंद होती. ते माझ्याकडे बघत होते, काही मागत नव्हते.

मी म्हणाले, "काय करणार इक्बालभाई, कमिटी ऐकतच नव्हती."