मव्हाच्या झाडाखालची मोजनारी

हसायचं आसन तं आत्ताच हसून घ्या, बापा. मधात कोनी दात काढले तं मी हा चहा तसाच ठेवून उठन. माहा सभाव तुमाले ठाव हाय. आन हे जे झालं ना, ते त्या सभावापायीच झालं.

आमचं गाव भीमपूरच्या आंगाले, पैनगंगेच्या काठाकडं, तेलगू मुलखात. डांबरी रोड सुटला का कच्ची वाट, वाटेत नाला, नाल्यात शिमिटाचा एक पट्टा टाकेल हाय, त्याले आमी रपटा म्हनतो. रपटा पार केला का आमचं गाव. गावाच्या पुढं रस्ताच नाई. जे काई यायचं-जायचं ते त्या रपट्यावरूनच.

पावसाळ्यात नाला रपट्याच्या वरून वाह्यते. माही पोरगी नववीत हाय, मंडलच्या, म्हंजे तालुक्याच्या गावच्या शाळेत. नाला आला का ती आठ-आठ दिवस घरी. तिथल्या सारनं सांगून देल्लं, "हे असंच चाललं तं धाव्वीत पोरगी बसत नाई." मले शाळा नाई लाभली, चौथीत मास्तरचा रूळ मोडून आलो तो पुना गेलोच नाई. पन पोरीचं तसं नोको ना व्हाले? म्हनून पुलासाटी किती दरखास्ता देल्ल्या! दफ्तरात जाऊन इतका बोंबललो का तिथला चपराशी आता मले पायला का आंदीच पानी आनून देते.

शेवटी म्हने, "पुलाचं आन रोडचं एस्टिमेट होनार हाय. मानूस येईन."

मी मानसाची वाट पाहून राह्यलो. मानूस म्हंजे काय? जीप, साहेब, टोपी, तीन टांगाची दुर्बीन. व्हय का नाई?

डिसेंबरचा महिना होता. धुकं असं का आपला हात आपल्याले उसना वाटे. सक्काळी साडेसाले मी फटफटी काढली, नाल्याच्या पल्याड हरबरा हाय माहा. रपट्याजवळ आलो आन मव्हाच्या झाडाखाली काईतरी पेटलं. छातीवर आडव्या दोन पट्ट्या. आग नाई, धूर नाई. गाडीची बत्ती वळली, तं विझलं.

पन मी थांबलो नाई. जवळ गेलो तं एक बाई बसेल. कापडानं सारं तोंड गुंडाळेल. नाक नाई, ओठ नाई. डोळ्याच्या जागी निस्ते दोन पांढरे गोल. हालत नाई, डुलत नाई. मी समोरून गेलो, आन तिच्या मुठीतून आवाज आला.

टिक.

मी गाडी फिरवली. पुना टिक.

"कोन वं तू? काय करून राह्यली इथं?"

तिनं हाताचा पंजा वर केला. गप बस, असा. त्या धुक्यातून लक्षमनची बैलबंडी बाहेर आली. लक्षमन माहा शेजारी, पक्का भेकड. बंडी गेली. टिक. मंग मांडीवरच्या कागदावर तिनं एक रेघ मारली.

"आवो बाई, मी इचारून राह्यलो!"

"माट्लाडकंडी, अंकुल," ती कापडातून बोलली, "लेक्क तप्पुतुंदि."

तेलगू मले बाजारापुरती येते. बोलू नका, मोजनी चुकते, इतकं समजलं. आन इतकं समजलं तेच वाईट झालं!

काऊन? आवो, आमच्यात जितं-जागतं मोजत नाई. जेवनाऱ्याच्या भाकरी मोजल्या तं माही माय हातावर चिमटा घे. पोरं किती हायेत म्हनून कोनी बोटं घातली का म्हातारी खाकरून तोंड फिरवे. आन इथं ही बिनतोंडाची बाई आमच्या शिवंवर बसून आख्खं गाव मोजते, एकेकाची रेघ मारते!

दुपारी लक्षमनचा बैल आडवा झाला. पोट नगाऱ्यासारखं, डोळे पांढरे. लक्षमन रडून राह्यला. "मारोती, सक्काळी चांगला चालला रे!"

"रपट्यावर टिक झालं होतं?" मी इचारलं.

"झालं होतं रे!"

दिवस कलल्यावर दूधवाला किसन रपट्याच्या चढावर गाडीसकट नाल्यात. गुडघा सुजून भोपळा झाला. त्यालेबी इचारलं. तोबी म्हने, "टिक तं झालं बा!"

मी घरी आलो. बायको म्हने, "आवं, तुमाले किती डाव टिक झालं?"

"दोन."

तिनं माह्या कपाळाले हात लावला. मंग पोरीची चादर मले देल्ली आन पोरीचं हातरून माह्यापासून लांब नेलं. आता सांगा, अशानं मानसाले ताप नाई येईन तं काय?

पन मी रागीट हाय. भेव वाटला का मले अजून राग येते. दिवस बुडायच्या आंदी काठी घेऊन रपट्यावर गेलो, का आता इचारतोच. तं झाडाखाली कोनीच नाई! गवत तेवढं दबेल. वर गावात ती आली नाई, गावाच्या पुढं तं रस्ताच नाई, डांबरीकडं जातानीबी कोनी पायली नाई. कुठं गेली? वाऱ्यानं कापसाचं एक बोंड रपट्यावरून लोळत चाललं होतं, त्याचा आवाज मले आयकू आला, इतकं सामसूम.

मी तसाच पारावर आलो आन गाव गोळा केलं.

"उद्यापासून रपट्यावरून कोनी जानार नाई! टॅक्टर नाई, बंडी नाई, सायकल नाई. लक्षमनच्या वावरातून खालच्या अंगानं नाल्यात उतरा, गुडघाभर पानी हाय, मरत नाई कोनी. रपट्यावर गेले तं मरसान!"

बायको हळूच म्हने, "आवं, ती बाई सरकारची तं नसन? पुलाच्या कामाची?"

"तुले काई समजते का वं? पुलाच्या कामाले साहेब येते, जीप येते! तोंड बांधून झाडाखाली बसून कोनी पूल बांधते का?"

समदे म्हने, बरोबर हाय मारोतीचं. मी वरडलो का समद्यायले बरोबरच वाटते. आमच्या गावात शाळेचे गौतम सार येवढे एकटे मानूस मले आडवे बोलते, आन ते सासुरवाडीले गेले होते.

दुसऱ्या दिशी रपटा असा पडला होता जसं गाव उठून गेलं. टॅक्टर नाई, शेळी नाई. धुकं, मव्हाचं झाड, आन तिच्या छातीवरच्या त्या दोन पट्ट्या. मी एकटा गाडीवर पहारा करून राह्यलो. मले तं आंदीच टिक झालेलं, अजून काय करीन ती? जाओ, पाहो, परत येओ. टिक. कोनी पोट्टं चुकून आलं तं हाकलो, पुना पलटो. टिक. ती मान फिरवे, ते पांढरे गोल माह्या मागं-मागं येत. बोलत काई नाई.

तिसऱ्या दिशी मी डोकं लावलं. गाडी लांब उभी केली आन झाडोऱ्यातून रांगत गेलो, का कोनी नसल्यावर ही करते काय, ते पाहाव. वाटेवर कोनी नाई. पाखरू नाई. मी कुत्र्यासारखा चार पायावर वाट पार केली, निवडुंगाच्या मागं दम धरला.

टिक.

बापा! वाटेवर चिटपाखरू नाई आन टिक! माह्या मानेवरचे केस सुयावानी उभे झाले. कोन गेलं आत्ता? कोन गेलं जे मले दिसलं नाई?

तिथून जो पळालो तो सरळ घरी. लोखंडी टोपल्यात चुलीतले इंगळ घेतले, मीठ-मोहरी-मिरच्या घेतल्या, मुठीत लिंबू. बायको म्हने, "कुठं चालले?" म्हनलं, "नजर जाळाले." आन त्या बाईच्या समोर जाऊन मिरच्या इंगळावर टाकल्या आन टोपलं तिच्या तोंडापुढं सात डाव ओवाळलं.

"निंग! निंग माह्या गावातून!"

ती शिंकली. एकदा, दोनदा, धा डाव शिंकली. खोकून-खोकून तिनं तोंडावरचं कापड ओढून काढलं, चष्मा काढला. वाफेनं पांढरा झालेला चष्माच होता तो! आन आतून निंगाली कोन? माह्या पोरीहून सा-सात वर्सानं मोठी पोरगी. लाल नाक, डोळ्यातून धारा. शिंकता-शिंकता रडाले लागली, आन रडता-रडता हिंदीत बोलाले लागली.

"अंकल, मैंने क्या किया? कल से इधर से आपके सिवा एक गाड़ी नहीं गई! मेरा इंटर्नशिप ख़राब हो जाएगा!"

टोपलं माह्या हातात तसंच. तेवढ्यात डांबरी रोडकडून गौतम सार आले, सासुरवाडीहून, गाडीवर पिशव्या लटकावून. तं पोरीनं रडता-रडताच हात वर केला आन मुठीतल्या मोजायच्या यंत्राचं बटन दाबलं, टिक. नेकी पाहा!

सारनं गाडी थांबवली. माह्याकडं पायलं, टोपल्याकडं पायलं, पोरीकडं पायलं.

"काय हो मारोतराव, मिरच्या कोनाले चारून राह्यले?"

मंग तिच्याशी तेलगूत बोलले, कागद घेतला. नाव म्हने स्रवंती. निजामाबादकडची, इंजिनेरीच्या शेवटच्या वर्साले. एस्टिमेट बनवनाऱ्या साहेबाकडं दोन महिने काम शिकाले आलेली. जीप तिले सक्काळी अंधारात सोडे आन सांजच्याले डांबरीवरून उचले, म्हनून कोनाले दिसे नाई.

"मारोतराव," सार म्हने, "पूल किती रुंद, रोडचा थर किती जाड, हे वाटेवरून किती गाड्या जाते त्याच्यावर ठरते. ते मोजल्याबिगर एस्टिमेट होत नाई. बंडी, टॅक्टर, सायकल, पायी मानूस, समद्याचे रकाने हायेत."

"मंग... काय निंगालं आमचं?"

सारनं कागद डोळ्यासमोर धरला. "पयल्या एका दिवसावर ते जात नाई. काल आन आज पाहा. टॅक्टर, काई नाई. बंडी, काई नाई. सायकल, नाई. फटफटी, एक्केचाळीस. पायी मानूस, एक." मंग बारीक पाहून म्हने, "हे पायीवाल्याच्या पुढं तिनं लिहिलं हाय, 'रांगत.'"

पोरगी माह्याकडं बोट करून म्हने, "एक सर की, बाकी सब यही है."

"म्हंजे कागदावर," सार म्हने, "हा रोड एकट्या मारोतरावाचा हाय. आन एका फटफटीसाटी सरकार पूल बांधत नाई."

माह्या पोरीची धाव्वी डोळ्यासमोरून गेली, आन ती मी सोताच बुडवली होती! स्रवंतीनं फोन लावला, रडून-भांडून साहेबापासून अजून एक दिवस मागून घेतला. उद्याचा. त्याच्या पुढं नाई.

मी घरोघर पळालो. "उद्या रपट्यावरून जा रे! समदे जा!"

लक्षमन दाराच्या फटीतून म्हने, "परवा तूच म्हनला ना, मरसान?"

"ती सरकारची हाय रे! पुलाची!"

"असं कोन म्हनलं?"

"मी म्हनून राह्यलो!"

"तेच तं," म्हने, आन दार लावून घेतलं. बैल त्याचा बरा झाला होता लेकाचा, कवळी जवारी खाल्ली होती त्यानं. पन आयकते कोन?

चौथ्या दिशी मी ठरवलं, आपनच तिच्या बाजूले बसाव. लोकं पायतीन, मारोती बसला हाय, काई होत नाई. थंडी मरनाची. पोरीनं तिचं दुसरं, उजेडात चमकनाऱ्या पट्ट्याचं जाकीट मले देल्लं. मी मफलर तोंडाले गुंडाळला, बसलो.

बायकोनं समजावून लोकं कसेबसे धुक्यातून वळनापर्यंत आनले, आन तिथं ते थबकले. मंग किसनचा आवाज आला, बारीक, फाटलेला.

"पयले एक होती... आता दोन झाल्या रे!"

पळाले! बंड्या उलट्या फिरल्या, एक टॅक्टर रिवसमधी गेला. मी उठलो आन मागं धावलो, तं अजूनच पळाले! मंग मी तिथंच वाटेत उभा राहून आख्ख्या गावाले, त्यायच्या बापाले, आज्याले, त्यायच्या बैलाले अशा शिव्या देल्ल्या का मव्हावरचे कावळे उडाले.

आन त्या शिव्यायनंच काम केलं. धुक्यातून बायकोचा आवाज आला, "थांबा रे, पळू नोका! भूत येवढी घान तोंडानं बोलत नाई. आमचाच हाय तो!"

मंग आलं गाव! बंडीवर बंडी, टॅक्टर, सायकली, शाळेचे पोट्टे, माही पोरगी दप्तर घेऊन. टिक-टिक-टिक, स्रवंतीचा अंगठा दुखून आला. काई लेकाचे दोन-दोन डाव जाऊन आले, तं तिनं त्यायले वळखलं आन हाकललं. "एक बार ही, अंकल!" बेइमानी तिले चालेच नाई. जितकी सच्ची मोजनी झाली, तितकीच गेली एस्टिमेटमधी. त्याच्यात पूल आला, गौतम सारनं कागद सोता वाचून पायला.

जायच्या आंदी पोरगी आमच्या घरी जेवाले आली. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी. बायकोनं भाकरी मोजल्या नाई. मी मान खाली घालून म्हनलं, "बेटी, मेरे कू माफ कर. मैंने तेरे कू भूत समझा."

तिनं माह्या पोरीकडं पायलं, बायकोकडं पायलं, आन मंग हसू दाबत म्हने, "अंकल, आप बुरा मत मानना. पूरा रास्ता ख़ाली. न आदमी, न जानवर. बस एक ही आदमी, लाल आँख, न बोलता है न रुकता है, इधर जाता है, उधर आता है. फिर एक दिन झाड़ी से चार पैर पे निकला. मैं तो दो दिन आपके पैर ही देखती रही, सीधे हैं कि उल्टे."

मी काई बोलाच्या आत बायकोनं तिच्या ताटात अजून भाजी वाढली.

"पाय सीधेच हायेत, माय," ती म्हने. "उलटी हाय ते खोपडी."