विहिरीला भरती का येत नाही

आमची आई गंजाडच्या एका पाड्यावर अंगणवाडीची बाई आहे. पोरांची वजनं करणं, गाणी म्हणणं, नाकं पुसणं असं सगळं उरकून ती घरी येते, तेव्हा तिच्या पदराला कुणाचा ना कुणाचा शेंबूड असतोच. मी बारावी झाले त्या उन्हाळ्यात डहाणूच्या एका ट्रस्टने मदत जाहीर केली. अंगणवाडीत काम करणाऱ्या बायांना आणि बारावीनंतर शिकणाऱ्या मुलांना कॉलेजची फी मिळणार होती, पण एका घरातून वर्षाला एकालाच. मी अर्ज केला. मग कळलं, आईनेही केलाय.

चाळिशी ओलांडलेल्या बाईला बीए कशाला हवं? मला बीएस्सीला जायचं होतं आणि फीचे पैसे घरात नव्हते, हे तिला ठाऊक होतं. मला उत्तर मिळालं नाही की चैन पडत नाही. मी तिच्या मागे मागे फिरले, पण ती बधली नाही. "तिथंच सांगेन," एवढंच म्हणाली.

मुलाखतीला आम्ही एकाच रिक्षातून गेलो आणि शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसलो. ट्रस्टच्या मॅडमनी तिला नेमका माझाच प्रश्न विचारला, की या वयात डिग्री कशासाठी.

आई म्हणाली, "मी पोरांना सांगत होते, चांद समुद्राला खेचतो म्हणून भरती येते. तर एक पोरगी बोलली, बाई, मंग आमचे हिरीला का नाय खेचत? मला नाय सांगता आलं. ती रोज विचारते. म्हणून भूगोल घ्यायचाय."

मॅडम हसल्या. मी हसले नाही, कारण मलाही सांगता येईना. सायन्स घेऊन बारावी झालेल्या मला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता.

"पण मदत एकालाच मिळेल," मॅडम म्हणाल्या. "मुलीसाठी सोडाल ना?"

मी आभार मानायचा चेहरा करून तयारच होते.

"नाय," आई म्हणाली. "मी नाय सोडणार."

परतताना मी रिक्षात तोंड फिरवून बसले होते. मला तिचा भयंकर राग आला होता.

"रागावलीस?"

"हो."

"रागाव. पण मी वाईट काय केलं ते सांग."

घर येईपर्यंत मी शोधत होते. काही सापडलं नाही, त्यामुळे राग आणखी वाढला.

मदत आईला मिळाली. ते वर्षभर मी एका वाडीत चिकू निवडायला जायची. आईची पुस्तकं उघडायची नाहीत असं ठरवलं होतं, ते जेमतेम आठवडाभर टिकलं. मग आम्ही दोघी मिळून वाचायला लागलो. एकदा पौर्णिमेच्या दिवशी विहिरीच्या आतल्या दगडावर कोळशाने खूण केली. संध्याकाळी पाहिलं तर पाणी खुणेच्या खाली गेलेलं. आई खूश झाली. पण ते चंद्राने नव्हे, शेजारणींच्या हंड्यांनी नेलं होतं. तिला हे सांगितल्यावर ती इतकी हसली की विहिरीवरच्या बायका बघायला लागल्या. आई अशी हसते हे मला तोवर माहीत नव्हतं.

पुढच्या वर्षी दोघींनीही पुन्हा अर्ज केला. खुर्च्याही त्याच होत्या. या वेळी मॅडमनी माझ्याकडे पाहिलं.

"आईचं एक वर्ष चांगलं झालंय. तिचं मध्येच थांबेल. सोडशील तिच्यासाठी?"

मी आईकडे पाहिलं. ती पंख्याकडे बघत होती. तिच्या पिशवीत दुसऱ्या वर्षाचं पुस्तक होतं. कुणाकडून तरी मागून आणून तिने त्याला कव्हरसुद्धा घातलं होतं.

"नाही," मी म्हणाले. मॅडमनी कागदावर माझं नाव लिहिलं.

रिक्षा भरायची वाट बघत आम्ही आत बसलो होतो. मला रडू येत होतं.

"रागावलीस?" मी विचारलं.

"हो," आई म्हणाली. मग तिने पिशवीतून ते पुस्तक काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. "ती पोरगी आता शाळेत चाललीय, पण विचारायची थांबत नाय. हिरीचं आता तू सांग तिला."