मोटरीच्या खोलीचं कुलूप

आप्पांनी कुलूप माझ्या हातात ठेवलं. नवंकोरं, किल्ली अडकवलेलं.

"मळ्यात मोटरीची खोली मोकळीच हाय. राती पोरीला तिथं कोंडा. गावाला झोपू द्या."

शिरूर तालुक्यातलं आमचं गाव. आप्पा मोठे बागायतदार, आमचे घरमालक. सकाळीच माणसं घेऊन अंगणात आले होते. सगळ्यांच्या तोंडाला रुमाल.

पोरगी म्हणजे सोनी, माझी धाकटी बहीण. स्वमग्न आहे. बोलत नाही. शिरूरच्या शाळेची व्हॅन यायची, दिवसभर तिथं दमायची, रात्री झोपायची. लॉकडाऊनमध्ये व्हॅन बंद झाली. तिची झोप गेली. रात्रभर घरात फेऱ्या मारायची, ताट वाजवायची. ताट काढून घेतलं की स्वतःचं डोकं बडवायची.

"डॉक्टरांना विचारतो, आप्पा," पप्पा म्हणाले. हात जोडून. कंपनीत सुपरवायझर असलेले माझे पप्पा.

"येडीला डाक्टर काय करनार?" आप्पा माझ्याकडे वळले. "तू तर इंग्लिश मिडियमची ना गं? सांग की तिला इंग्लिशमधी. स्लीप म्हनावं!"

सगळे हसले. रुमालाआडचं हसू दिसत नाही, नुसतं ऐकू येतं.

अशा वेळी मी खाली बघते. लहानपणापासून. तेव्हाही बघितलं. मग दाराशी खुडबुड झाली. सोनी ताट घेऊन उभी होती. आप्पांना बघून तिनं ते उंच धरलं. तिचा चेहरा फुलला होता.

आणि मला जनता कर्फ्यूची ती संध्याकाळ आठवली. अख्खं गाव ताटं वाजवत होतं. आप्पांनीच आमच्या ओट्यावर येऊन सोनीच्या हातात चमचा दिला होता. "वाजीव पोरी, जोरात!" ती वाजवायला लागली तशा लोकांनी टाळ्या दिल्या. तिला मिळालेल्या त्या पहिल्या टाळ्या.

"आप्पा, ताट वाजवायला तिला तुम्ही शिकवलंत." मी मान वर केली. "तेव्हा वेडी नव्हती?"



"पोरगी लई बोलाय लागली," आप्पा पप्पांना म्हणाले. "न्हाई जमत तर ही ऱ्हाती खोली खाली करा."

"माफी माग," पप्पा पुटपुटले.

मी कुलूप आप्पांच्या पायाशी ठेवलं. "आम्ही खोली खाली करतो."

लॉकडाऊन सुटल्यावर दौंडला आलो. सोनी अजूनही पुष्कळ रात्री जागते, म्हणून सारख्या खोल्या बदलाव्या लागतात. खोली बघायला गेलं की पप्पा गप्प असतात. मी बोलते. भाडं विचारायच्या आधी सांगते, "माझी बहीण रात्री झोपत नाही. आवाज होईल. ती आमच्यातच राहील."

काहीजण दार लावतात. लावू देत. ते त्यांचं दार आहे. सोनीवर दार लावायचं असेल, तर आधी मला आत कोंडावं लागेल.