पार्किंगचा बांध

हृदयात स्प्रिंग बसवल्यावर डॉक्टरांनी आप्पांना बजावलं, दिवाळीपर्यंत दवाखान्याच्या जवळच राहायचं, शेताचं नावही काढायचं नाही. माझा भाऊ न्हावऱ्याला, शेतावर. दवाखान्याजवळ मी, वाघोलीत. म्हणजे माझ्या वडिलांना लेकीच्या घरी राहणं आलं. आमच्याकडं बाप लेकीच्या घरी चहा घेतो आणि निघतो, मुक्काम ठोकत नाही. आप्पा रोज सकाळी विचारायचे, "शिरूरची यष्टी कितीला हाय?" मी रोज दुसऱ्या खोलीत जाऊन चिडायचे.

त्यांचंही खरं होतं. आमच्या वाघोलीत काल ज्वारी होती तिथं आज टॉवर उभा राहतो आणि त्यात कोण राहायला आलं हे लिफ्टलाही ठाऊक नसतं. आप्पा लिफ्टमध्ये प्रत्येकाला विचारायचे, "कुठलं गाव तुमचं?" लोक मोबाइलमध्ये डोकं खुपसायचे.

"घरं इतकी, आन् बोलाया माणूस न्हाई," ते म्हणायचे.

एका संध्याकाळी त्यांना खाली फिरायला नेलं. माझ्या गाडीपाशी ते थबकले. शेजाऱ्याच्या गाडीचं चाक पांढऱ्या पट्ट्यावरून आमच्या जागेत आलं होतं, वीतभर.

"ह्यो बांध कुणी कोरला?"

"आप्पा, गाडी आहे. लावताना सरकली असेल."

"बांध असाच सरकतो. आज वीत, उद्या हात."

दुसऱ्या दिवशी पट्ट्यावर चुना फासलेला दगड उभा. दुपारपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आला, 'कृपया पार्किंगमध्ये धार्मिक बांधकाम करू नये.' तोवर कुणीतरी त्यावर झेंडूचं फूलही वाहून गेलं होतं.

मी शरमेनं अर्धी झाले. आप्पा मात्र खुलले. चहा होताच खाली जायचे, चाक बघायचे, वॉचमनला साक्षीला घ्यायचे. शेजारी दिसला की, "काय पाव्हणं, नांगर जरा आतनं धरा की." वर येऊन भाकरी मागून घ्यायचे. यष्टी विचारणं बंद झालं, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मी शेजाऱ्याच्या दारी जाऊन माफी मागितली. भला माणूस, तेव्हापासून गाडी पट्ट्याच्या आत, अगदी ओळंब्यात लावायला लागला.

चार दिवसांत आप्पांचा चेहरा उतरला. जेवण निम्म्यावर आलं. मग एका सकाळी सोफ्यावर भरलेली पिशवी दिसली. "हितं माझं काय काम न्हाई. उद्या निघतो." मी डॉक्टरांचं बजावणं आठवून दिलं, रडून पाहिलं, काही उपयोग झाला नाही.

पुन्हा शेजाऱ्याचं दार वाजवलं.

"दादा, गाडी जरा आमच्या जागेत घालता का?"

त्याची बायको माझ्याकडं बघतच राहिली. तो मात्र वरवंडचा, शेतकऱ्याचा मुलगा. तो हसला नाही.

"माझ्या वडिलांचं आणि चुलत्यांचं बांधावरून वाजायचं," तो म्हणाला. "मोजणी झाली, बांध मिटला, आन् दोघांचं बोलणंच संपलं. किती घालू, ताई?"

"वीतभर बास."

त्यानं मनाचा मोठेपणा दाखवून हातभर घातली.

सकाळी आप्पा यष्टीला म्हणून खाली उतरले ते वर आलेच नाहीत. मी घाबरून खाली धावले. ते माझ्या गाडीला पाठ लावून उभे होते, फोनवर माझ्या भावाशी बोलत होते. मी खांबाआड थांबले.

"कांदा तूच लाव. मला दिवाळीपत्तुर हलता यायचं न्हाई. न्हाई रं, तब्येत बरी हाय. हितं तिची जागा खात्यात लोक." मग आवाज जरा खाली आला. "आपण तिला काय दिलं? समदं तुझ्या नावावर हाय. तिला हाय ती एवढीच."