कागदाची शेकोटी

कोल्हापुरात एका गल्लीत तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत मी पाळणाघर चालवते. नऊ पोरं, मी आणि माझ्या हाताखाली एक मावशी. हाताखाली म्हणायचं आपलं. खरं तर तीच मला चालवते.

त्या हिवाळ्यात मी एका शिबिराला जाऊन आले आणि माझ्या अंगात वारं शिरलं. शिबिरात एक रंगीत पुस्तिका मिळाली होती, चिमुकल्यांसाठी हिवाळी हस्तकला. पहिल्या पानावर कापसाचा बर्फमाणूस, दुसऱ्यावर पेंग्विन. कोल्हापुरात बर्फ फक्त उसाच्या रसात असतो, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण पुस्तिकेचा कागद इतका गुळगुळीत होता की मी भुलले.

त्याच सुमारास जवळच्या गडमुडशिंगी गावाहून एक पोरगी यायला लागली. अडीच वर्षांची. वडील पुण्यात नोकरीला, आजी गुडघ्यांनी जागेवर बसलेली, आणि आई दवाखान्याच्या लॅबमध्ये नव्यानं कामाला लागलेली. आई भल्या सकाळी निघायची, म्हणून पोरीला सोडायला आजोबा यायचे, मोटारसायकलवरून, पोरगी पुढं टाकीवर. पहिल्याच दिवशी त्यांनी दारात उभं राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं मला सांगितलं, "हे बघा बाई. सूनबाईला नोकरीची लय हौस. मी म्हणलं, कर. पर पोरगी रमली पायजे. संक्रांतीपतूर बघनार. न्हाय रमली तर पोरगी बी घरात आनि सूनबाई बी घरात."

संध्याकाळी न्यायला आई आली. गळ्यात लॅबचं ओळखपत्र तसंच. हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, काहीही करा, पण हिला रमवा. किती ठिकाणी अर्ज केले तेव्हा ही नोकरी मिळालीय." मी "अहो, रमेल की," म्हणाले. असली आश्वासनं द्यायला माझी जीभ फार सैल आहे.

पोरगी रमेना. रडली असती तर परवडलं असतं. रडणाऱ्या पोरांचे उपाय मला येतात. ही उंबऱ्याजवळ पाठ फिरवून बसायची, कानटोपी घालून, पायात चपला घालून, एसटी कधी लागतेय याची वाट बघत बसल्यासारखी. चपलांना हात लावला की पाय आवळून घ्यायची. महिनाभर मी तिच्या चपलांच्या विनवण्या केल्या. नवऱ्याच्या केल्या नसतील इतक्या.

मग आला बर्फमाणसाचा दिवस. निळे कागद, वाटीत कणकेची खळ आणि मधे पांढऱ्याशुभ्र कापसाचा ढीग. एकानं खळ चाटून वाटी स्वच्छ केली. एकीनं सगळा कापूस मावशीच्या लुगड्याला चिकटवला. आणि उंबऱ्याजवळची ती पोरगी उठली, थेट ढिगापाशी आली. तिनं कापसाचे दोन बोळे तोडले, कानटोपी वर केली, दोन्ही कानांत एकेक बसवला, टोपी खाली ओढली आणि परत जाऊन बसली.

ते बघून बाकीच्या आठांनीही कानांत कापूस घातला. जेवायला या म्हणून मी ओरडतेय आणि एकालाही ऐकू येत नाही. कापूस काढता काढता वरण गार झालं. "थंडीत कापूस कानातच घालत्यात," मावशी म्हणाली. "त्याचा मानूस कोन करतंय?"

मी चिडलेलीच होते. दुसऱ्या दिवशी आजोबांना दारातच गाठलं आणि सगळी तक्रार एका दमात सांगितली. ते शांतपणे बघत राहिले. मग दोन्ही कानांतून कापूस काढून म्हणाले, "काय म्हनालतासा?"

परत सगळं सांगितलं. ते हसले, गल्लीतली कबुतरं उडतील असे. "आवं, आमच्या दारात रोज सकाळी शेकोटी असतीया. ही माझ्या मांडीवर, कानात कापूस. रस्त्यानं जाईल त्याला मी हाक मारतो, या पावणं, बसा, शेका. ही बी मारती." मग माझ्या खोलीकडं नजर टाकली. लाल-निळ्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर मीच करून चिकटवलेले पेंग्विन आणि बर्फमाणूस. "हितं काय हाय बसाय? त्या खुर्चीत मांजर बी बसायचं न्हाय."

मला राग आला. तो माणूस बरोबर बोलला होता, म्हणून जरा जास्तच आला. पण संक्रांत चार दिवसांवर आली होती आणि त्या आईचं ओळखपत्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. मी पुस्तिका कपाटावर फेकली आणि खुर्च्या मागच्या खोलीत ढकलल्या.

पोरांना जुनी वर्तमानपत्रं दिली, सुरळ्या करायला. सुरळ्या कसल्या, चुरगळलेले बोळेच. पण लाकडं तरी कुठं सरळ असतात? पतंगाचा लाल, पिवळा, केशरी कागद आणला आणि सांगितलं, फाडा. फाडायला अडीच वर्षांच्या माणसाला शिकवावं लागत नाही. पाच मिनिटांत खोलीभर जाळ झाला. खळ लावून ज्वाळा लाकडांवर चिकटवल्या, शेकोटी मधे ठेवली आणि मी तिच्यासमोर उकिडवी बसून हात पुढं केले. "आहाहा, काय ऊब!"

पोरं माझ्याकडं आधी संशयानं बघत राहिली. मग एक पोरगा येऊन बसला. मग दुसरी. एकानं ज्वाळेला हात लावला आणि "भाजलं!" म्हणून भोकाड पसरलं, मावशीनं फुंकर घालून, तूप लावल्यासारखं करून त्याला गप्प केलं. एकानं तर भिंतीवरचा बर्फमाणूस ओरबाडून आणला आणि जाळात घातला. मला मनापासून बरं वाटलं.

उंबऱ्याजवळची पोरगी मान वळवून बघत होती. बराच वेळ. शेवटी उठली. शेकोटीपाशी आली, बूड टेकलं, आणि मग ज्याच्यासाठी मी महिनाभर हातापाया पडले होते ते अगदी सहज केलं. तळपाय शेकायचे म्हणून चपला काढल्या. मावशीनं त्या गुपचूप उचलून दारातल्या रांगेत नेऊन ठेवल्या. मी आपली शेकोटीच्या ज्वाळा नीट करत बसले. भीतीच वाटत होती, मी काही बोलले तर ती उठून जाईल.

दोन दिवस हे चाललं, पण तिच्या घरी मी काही कळवलं नाही. उद्या परत उंबऱ्यावर जाऊन बसली तर?

भोगीच्या दिवशी भरदुपारी आजोबा आले. चेहरा ठरवून आलेला. "बाई, उद्या संक्रांत. पोरीला न्हेतो. पिशवी द्या तिची."

दोन दिवसांचं सांगायला मी तोंड उघडणार, तेवढ्यात आतून आवाज आला.

"या पावणं."

पोरगी शेकोटीपाशी मांडी ठोकून बसली होती, टोपी वर सरकलेली. उठली नाही. आजोबा रोज दारात बसून जसा हात करत असतील तसा हात केला. "बशा. शेका."

आजोबा दारात थांबले. आयुष्यभर रस्त्यानं जाणाऱ्यांना ज्यांनी पावणं म्हणून बसवलं, त्यांना आज नातीनं पावणं केलं होतं. "आगं, मी आजा न्हवं व्हय तुझा?"

"बशा की!" ती म्हणाली आणि बूड सरकवून जागा केली.

त्यांची नजर दारातल्या रांगेवर गेली. सगळ्या इवल्या चपलांत तिच्याही होत्या. त्यांनी आपलं पायताण काढलं, तिच्या चपलांशेजारी ठेवलं, आत आले, गुडघे कडकडवत उकिडवे बसले आणि त्या वर्तमानपत्राच्या जाळावर दोन्ही हात धरले. पोरीनं आपल्या खाऊच्या वाटीतले चार चुरमुरे त्यांच्या तळहातावर ठेवले. ते त्यांनी एकेक करून खाल्ले. मग पटक्याच्या शेवानं डोळे पुसले.

"धूर लय हाय बाई तुमच्या शेकोटीला," म्हणाले.

पिशवी काही त्यांनी परत मागितली नाही.

संध्याकाळी आई आली ती धापा टाकतच. पोरीची पिशवी खुंटीवर दिसली तरी तिला धीर नव्हता. सासऱ्यांना ती मामा म्हणायची. "मामा आलते?" तिनं विचारलं.

मी काही बोलायच्या आत मावशी म्हणाली, "आलते की. पावण्यावानी बसलं, चुरमुरं खाल्लं, आनि गेलं. उद्या सणाची सुट्टी, परवा येळंवर सोडतो म्हणालं."

ती तिथंच शेकोटीपाशी खाली बसली. पोरगी तिच्याकडं बघत होती. मग तिनं आईच्या पायाला हात लावून सांगितलं, "चप्पल काड."