सुळ्यांना ठिबक

“आधी भजी, मग गुवा,” बाई म्हणाल्या.

डोक्यावर हेल्मेट, हातात हातोडी, खांद्याला टेप आणि टॉर्चची पिशवी अशा अवतारात मी उभी होते. म्हटलं, “अहो, मी गुहा बघायला नाही, ऑडिटला आलेय.”

“कशाला पन ये. नियम सगल्यांना सारका. फुकट कोनी आत जात नाय.”

नियम म्हटला की इंजिनीअरचा नाइलाज होतो. मी बाकड्यावर बसले आणि वाणगावच्या मिरच्यांची भजी मागवली. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या घासाला मी आणखी एक प्लेट सांगितली.

माझं काम स्ट्रक्चरल ऑडिटचं. बांधकाम किती थकलंय ते तपासायचं आणि रिपोर्ट द्यायचा. डहाणूला माझं छोटं ऑफिस आहे. २०१७ च्या हिवाळ्यात रस्तेखात्याने तलासरीच्या पूर्वेकडच्या काही जुन्या मोऱ्या माझ्याकडे सोपवल्या होत्या. मोरी म्हणजे रस्त्याखालून ओहळाचं पाणी जाऊ देणारा छोटा पूल. ही मोरी काळ्या दगडाची, चुन्यात बांधलेली कमान होती. वर मातीचा भराव उंच, त्यामुळे आतून ती भुयारासारखी लांबलचक. पावसाळा संपला की ओहळ आटतो आणि तिच्यातून चालत आरपार जाता येतं.

माझ्या कागदावर ती ‘दगडी कमान मोरी’ होती. वळणावरच्या पाटीवर मात्र ‘चुन्याची गुहा, गाड्या सावकाश चालवा’ असं लिहिलं होतं.

कुणीतरी आतला व्हिडिओ व्हॉट्सॲपवर टाकला आणि डहाणू, उंबरगाव, वापीपर्यंतची माणसं गाड्या काढून यायला लागली. माणसं आली तशी दुकानं आली. मला अडवणाऱ्या जेठीबाईंची भजी, नरपडच्या एका बाईंचे चिकू चिप्स आणि मगनभाईंचा ‘गुफा सोडा’. धाकट्या डहाणूची एक बाई सुके बोंबील घेऊन बसली होती. गुहा बघायला आलेला माणूस बोंबील कशाला घेईल, हे मला कळेना. पण घेत होते. येताना मीही घेतले.

भजी संपवून आत गेले. खरंच, बघत राहावं असं दृश्य होतं. कमानीच्या पोटातून पांढरेशुभ्र सुळे लोंबत होते, काही बोटाएवढे, काही हातभर. प्रत्येकाच्या टोकाला पाण्याचा थेंब. मगनभाईंनी मागे लाल-निळे दिवे लावले होते. बाया-माणसं सेल्फी काढत होती.

“नॅचरल छे, बेन!” मगनभाई माझ्यामागोमाग येऊन अभिमानाने म्हणाले. “आखा जिल्ह्यात असा दुसरा नाय.”

ते दिसायला सुंदर होतं, म्हणून मला जास्त भीती वाटली. आमच्या भागातला दगड काळा, कातळाचा. इथे चुनखडीची गुहा सापडणं म्हणजे चिकूच्या झाडाला हापूस लागणं. खऱ्या गुहेत बोटभर सुळा व्हायला माणसांच्या पिढ्या जातात. बांधकामात सतत पाणी मिळालं तर तो काही महिन्यांत होतो, कारण पाणी दगडांच्या सांध्यात शिरतं, तिथला चुना विरघळवतं आणि खाली येऊन सुकतं. म्हणजे सुळ्यात जेवढा चुना दिसतो, तेवढा कमानीतून गेलेला असतो.

मी हातोडीने दगड ठोकत गेले. चांगला दगड ठण्ण वाजतो. पोकळ जागी आवाज बसका येतो. मधल्या भागात बसका आवाज आला. सांध्यात स्क्रूड्रायव्हर घातला, तर लोण्यात जावा तसा मुठीपर्यंत गेला आणि मूठभर ओला चुना माझ्या हेल्मेटवर पडला. एका बाजूला तडा होता. त्यावर मी काचेच्या पट्ट्या चिकटवल्या. यांना आम्ही ‘टेल-टेल’ म्हणतो. तडा हलला तर काच फुटते. साधी युक्ती आहे, पण ती खोटं बोलत नाही.

मग सगळ्यांना बाहेर काढून दोन्ही तोंडांना दोरी बांधली. जेठीबाईंनी पुढचा घाणा कढईत सोडला. मगनभाई मात्र दोघांच्या वाटचं बोलले.

कार अजून हायवेला लागली नव्हती तोच साहेबांचा फोन आला. साहेब म्हणजे खात्याचे कार्यकारी अभियंता, या कामातले माझे क्लायंट.

“मॅडम, काय परिस्थिती?”

“दगड उत्तम आहे, सांधे गेलेत. ग्राउटिंग केलं तर कमान वाचेल.” ग्राउटिंग म्हणजे सिमेंटचा पातळ घोळ पंपाने सांध्यात भरणं.

“पाणी गळतंय ना? वाहत्या पाण्यात ग्राउट टिकणार आहे का?”

“नाही टिकणार.”

“मग तोडा. पाइप टाकू, वरून भराव. पावसाळ्याच्या आत विषय संपला.”

“सर, थोडी मुदत द्या. पाऊस कधीच थांबलाय, ओहळ कोरडा आहे. मग हे पाणी येतंय कुठून?”

“महिन्याभरात गळती थांबली तर ग्राउटिंग. नाहीतर मशिन पाठवतो.”

दुसऱ्या दिवशी मी हे जेठीबाईंना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी झारा कढईत तसाच धरून ठेवला.

“मशीन आली म्हंजे आमी कुठं बसू?”

“इथे नाही बसता येणार. सगळा उतार खोदला जाईल.”

त्या हळूच म्हणाल्या, “दर साली दिवाली झाली का आमी भट्टीवर जातो, विटा पाडायला. झोपडीला कुलूप, पोरांची शाला बंद. या साली पयल्यांदा गेलो नाय. भज्यांवर चाललंय. आता परत जावा लागंल.”

मला फार वाईट वाटलं. रिपोर्ट लिहिताना कमानीचं वय, लांबी, रुंदी सगळं लिहिता येतं. त्या कमानीच्या तोंडाशी एका घराची चूल पेटते, हे लिहायला रकाना नसतो. त्या दिवसापासून गळती शोधणं हे माझं काम कमी आणि हट्ट जास्त झाला.

गळती शोधायची जुनी पद्धत म्हणजे संशयाच्या जागी रंगीत पाणी ओतायचं आणि रंग खाली कुठे उतरतो ते बघायचं. रंगाचा डबा घेऊन मी भरावावर चढले. आधी शंका पाण्याच्या पाइपलाइनची होती, पण लाइन भलत्याच बाजूने गेलेली निघाली. मग शेततळं असेल म्हणून फिरले, तेही नव्हतं. उन्हात गवत करपून पिवळं झालेलं. फक्त रस्त्याच्या कडेला, बरोबर कमानीच्या डोक्यावर, एक हिरवागार पट्टा होता.

मी तिकडे गेले आणि पायात काहीतरी अडकून सपशेल आडवी पडले. रंगाचा डबा उपडा. गुडघे, पंजाबी ड्रेस आणि हेल्मेट सगळं गुलाबी.

पायात अडकली होती ती ठिबकची काळी नळी. आमच्याकडे चिकूच्या वाड्यांना पाणी देतात ती. मातीत नीट पुरलेली, ठरावीक अंतरावर भोकं. मी नळीच्या मागे मागे गेले. ती झाडीतल्या एका टाकीपाशी संपली. तिथे जेठीबाईंचे यजमान बारकूदादा पाण्याची चावी सोडत बसले होते.

“दादा, इथे काय लावलंय?”

“काय नाय.”

“मग पाणी कशाला?”

बारकूदादांनी माझ्या गुलाबी अवताराकडे बघितलं. हसू दाबायचा त्यांनी प्रामाणिक प्रयत्न केला. मग म्हणाले, “सुल्यांना घालतो.”

“कुणाला?”

“खालच्या सुल्यांना. दिवाली झाली तवा सुकाया लागलं. पब्लिक बोललं, पानी टपकत नाय तर मजा नाय. मगनभाईनं वाडीतली जुनी ठिबक आनून दिली. आता बघा कसं वाढलंत! एक तर बोटभर वाढलाय.”

मला राग यायला हवा होता. आला नाही. उलट तिथेच बसून पोट धरून हसले. जन्मभर भात, नाचणी, दुधी, चिकू वाढवलेली माणसं. वाढायचं असेल त्याला पाणी घालायचं, हे त्यांच्या हाडात बसलेलं. त्यांनी दगडालाही पाणी घातलं, आणि दगड वाढला! त्यांचं गणित चुकलं नव्हतं. खत कुठून येतंय, एवढंच त्यांना माहीत नव्हतं.

मी बारकूदादा, जेठीबाई आणि मगनभाईंना आत नेलं. हेल्मेटं घातली. सांध्यात स्क्रूड्रायव्हर घालून दाखवला. ओला चुना बारकूदादांच्या तळहातावर ठेवला.

“हा सुळ्यांचा खाऊ. तुम्ही वरून पाणी घालता, ते कमानीतला चुना घेऊन खाली येतं. सुळा बोटभर वाढला, म्हणजे कमान तेवढी पोकळ झाली. आपण ज्या फांदीवर बसलोय, तिलाच करवत लावल्यासारखं आहे हे.”

मगनभाई छताकडे बघत दोन पावलं मागे सरकले. “आ तो डेंजर छे,” म्हणाले आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

जेठीबाईंनी विचारलं, “पानी बंद केला तर गुवा राहील?”

“कमान राहील. सुळे सुकतील, काम करताना बरेचसे मोडतील. गुहा म्हणून कुणी येईल की नाही, मला सांगता येत नाही.”

“नाय आले तर?”

“तर भट्टी. पण पाणी चालू ठेवलंत तर मशिन नक्की येणार.”

त्या बराच वेळ एका सुळ्याच्या टोकाचा थेंब बघत राहिल्या. तो पडला. मग पदर खोचून त्या तडक भराव चढून गेल्या. मी मागोमाग पोचले तोवर त्यांनी चावी घट्ट बंद करून नळीच टाकीपासून उपटली होती.

“घेऊन जा डहानूला,” नळीचं वेटोळं माझ्या हातात देत त्या म्हणाल्या. “इथं राहिली तर मगनभाई परत लावंल.”

मुदतीच्या आत कमान कोरडी झाली. साहेब स्वतः आले. प्रवेशाच्या नियमाप्रमाणे त्यांनीही आधी भजी खाल्ली. आत हात फिरवून बघितला आणि बाहेर येऊन म्हणाले, “ठीक आहे, ग्राउटिंग करा. आणि बाई, आणखी एक प्लेट.”

काम उन्हाळ्यात झालं. दोन्ही तोंडांना पत्रे लावले होते. बघणारे येत, पत्रे बघत, “अरेरे, बंद आहे” म्हणत आणि बाकड्यावर बसत. मजूरही तिथेच जेवत. एक गोष्ट माझ्या आधीच लक्षात आली होती. माणसं गुहेत जात, फोटो काढत आणि लगेच बाहेर येत. पण भज्यांपाशी निवांत गप्पा मारत बसत. जेठीबाईंना तेव्हा सांगितलं असतं तर पटलं नसतं. मलाही खात्री नव्हती.

दोन वर्षांनी, तपासणीच्या निमित्ताने परत गेले. स्टॉल तिथेच होता, आता वर पत्र्याचं छप्पर. भट्टीवर गेलात का, हे मला विचारावं लागलं नाही. दिवाळी केव्हाच होऊन गेली होती आणि बारकूदादा मागे मिरच्या चिरत होते. मी हेल्मेट घालून आत निघाले.

“आधी भजी,” जेठीबाई म्हणाल्या.

खाऊन आत गेले. सुळे जवळजवळ नव्हतेच. करड्या रंगाची, कंटाळवाणी, भक्कम कमान. आणि मध्यभागी चक्क घोळका. सगळे माझ्या काचेच्या पट्ट्यांकडे मोबाइल धरून उभे. मगनभाई समजावत होते, “आ काच फुटली का पळायचं. बे वरसमां एकपण फुटली नाय!”

बाहेर येऊन मी जेठीबाईंना विचारलं, “काचांवर लक्ष कोण ठेवतं?”

“मी. रोज सकाली बघते, मगच चूल पेटवते.”

मी आजवर पुष्कळ पुलांचे रिपोर्ट लिहिलेत. प्रत्येकात शेवटी ‘नियमित तपासणी करावी’ असं लिहिते, आणि प्रत्येकाची फाइल कपाटात जाते. रोज सकाळी न चुकता तपासली जाणारी माझ्या माहितीतली ही एकमेव मोरी. त्या वेळच्या रिपोर्टात ‘देखभाल यंत्रणा’ या मथळ्याखाली मी ‘समाधानकारक’ एवढंच लिहिलं. कारण ‘शेजारी भजी उत्तम मिळतात’ असं लिहिलं असतं, तर साहेबांनी ते खोडलं असतं. किंवा खरं तर नसतंही खोडलं.