आईच्या बाजूचा पडदा

माझ्याकडे मोटरबोट आहे, हे मी नवीन माणसाला साधारण दुसऱ्या वाक्यात सांगतो. पहिल्या वाक्यात द्राक्षबाग येते. बोट म्हटल्यावर समोरच्याच्या डोळ्यांपुढे जे काही येतं ते मी खुशाल येऊ देतो. खरं तर गंगापूर धरणाच्या फुगवट्यावर कुणाचा तरी पर्यटनाचा धंदा बसला, त्यातून मी ती उचलली. मी तिला दोनदा रंग दिला, तरी कडेने पोपडे निघतातच. आपल्या शेतावर पर्यटक येतील, त्यांना पाण्यावरून फिरवू, असा माझा थाटाचा बेत होता. पर्यटक आलेही. त्यांनी बोटीपुढे उभं राहून फोटो काढले, द्राक्षं खाल्ली, पोहायचा तलाव कुठे आहे असं विचारलं आणि नाही म्हटल्यावर गाडीत बसून निघून गेले.

तेव्हापासून बोटीला एकच कायमची प्रवासी आहे, ती म्हणजे माझी आई.

आई जाते मावशीकडे. दोघी सख्ख्या बहिणी, फुगवट्याच्या समोरासमोरच्या काठांवर दिलेल्या. सडकेने जायचं तर सगळ्या धरणाला वळसा पडतो, आणि त्या रस्त्याचे खड्डे आईच्या कमरेला सोसत नाहीत. मावशीचे गुडघे गेलेत, ती जीपमध्ये चढत नाही आणि बोटीतही उतरत नाही. तेव्हा भेट व्हायची तर आईनेच जायचं, आणि पाण्यावरूनच. दर रविवारी सकाळी ऊन वर आलं की आम्ही निघायचो. मावशी पलीकडे काठावरच्या बाभळीपाशी येऊन उभी राहायची. बोट वळण ओलांडून मोठ्या पाण्यात आली की आई हात वर करून हलवायची, तिकडून मावशी हलवायची. मग काठाला लागेपर्यंत दोघींचे हात चालूच. उतरल्यावर पहिलं भांडण ठरलेलं, आधी कुणी कुणाला पाहिलं याचं. आई दर वेळी म्हणायची, "मीच पायलं. तू तर बकऱ्यांकडं बघत हुती."

या हिवाळ्याच्या तोंडावर आईला न्यूमोनिया झाला. नाशिकच्या दवाखान्यात राहून ती घरी आली ती निम्मी होऊन. डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक आहे, फक्त गार वारं लागू देऊ नका. मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, संपलं. कारण आमच्या बोटीत वाऱ्याशिवाय दुसरं काही नाही.

बोटीच्या मागच्या भागात, जरा उंचावर, चालवणाऱ्याची जागा आहे. चार पाइपांवर एक छत, पुढे ओरखडे पडून पिवळी झालेली काच, शेजारी शेजारी दोन खुर्च्या. विकणाऱ्याने त्या जागेचं काहीतरी भारदस्त इंग्रजी नाव सांगितलं होतं. आई तिला माळा म्हणते. ज्वारीच्या शेतात पाखरं हाकायला बांधतात तसा माळा. तिन्ही बाजूंनी उघडा, आणि जानेवारीत धरणावरचं वारं तिथून आरपार जातं.

आई काही मागत नव्हती. रविवारी आंघोळ करून, इरकली नेसून ओट्यावर बसायची आणि धरणाच्या दिशेने बघत राहायची. दुपारी उठून लुगडं बदलायची. फोन लावून दिला तर तिकडून मावशी ओरडायची, इकडून आई ओरडायची, दोघींना एकमेकींचं ओ की ठो कळायचं नाही आणि फोन माझ्या हातात यायचा. एकदा मावशी मला म्हणाली, "तू सांगतो बरी हाय, पण माणूस दिसत नाय तवर कशावर इस्वास ठिवायचा?" हे मला लागलं. दोघी सत्तरीच्या पुढच्या. असे किती रविवार बसून काढणार? मी ठरवलं, माळा बंदिस्त करायचा. वारा नाही, पाऊस नाही, ऊन नाही, बाराही महिने आईला खोलीत बसल्यासारखं वाटलं पाहिजे.

आता मी एखादी गोष्ट ठरवली की घरात सगळे आपापल्या कामाला लागतात, म्हणजे माझ्या वाटेतून बाजूला होतात. बायको म्हणाली, "अहो, शहरात जाऊन कुणाकडून तरी नीट करून घ्या." मी तिला मोबाईलवर परदेशी बोटींचे व्हिडिओ दाखवले. सगळीकडून चकचकीत पारदर्शक पडदे, आत माणसं पातळ शर्टात कॉफी पिताहेत. "हे आपण घरी करू शकतो," मी म्हणालो. 'आपण' हा शब्द ऐकला की ती उठून स्वयंपाकघरात जाते.

माझ्या डोक्यात कागद होता. आमच्याकडे द्राक्षबागेवर गारा आणि अवकाळीपासून वाचायला प्लास्टिकचं आच्छादन टाकतात, त्याला सगळे कागदच म्हणतात. मागच्या वर्षीचा उरलेला गुंडाळा शेडमध्ये पडला होता. गारा सोसतो, उन्हात तडकत नाही, पाणी टिकू देत नाही. बाहेरून काही आणायचं नाही, सगळं घरचं. बागेत त्या कागदाखाली उभं राहिलं की इतका सुंदर उजेड येतो, एकेक मणी स्पष्ट दिसतो. असा स्वच्छ कागद सोडून मी दुकानात कशाला जाऊ? मी दोन दिवस खपलो. पिवळी काच काढून टाकली, चारी बाजूंनी कागदाच्या गुंडाळ्या छताला बांधल्या, खाली सोडायला वेली बांधायची सुतळी लावली. शेवटची गाठ मारली तेव्हा अंधार पडत आला होता. मला माझं इतकं कौतुक वाटलं की पडदे सोडून बघायचंही सुचलं नाही.

रविवारी आईला शालीत गुंडाळून माळ्यावर बसवलं. काठाशी वारं पडलेलं होतं, म्हणून पडदे वरच ठेवले. वळण ओलांडून मोठ्या पाण्यात आलो, वारं सुटलं आणि मी ऐटीत सुतळ्या ओढल्या. पडदे सर्रकन खाली आले. आत ऊब आली. आणि बाहेर धुकं पडलं.

एवढ्या झटकन धुकं मी कधी पाहिलं नव्हतं. पुढे पांढरं, मागे पांढरं. मी इंजिन हळू केलं, मग बंदच केलं. "आई, जरा थांबू. धुकं उठलं की जाऊ," मी म्हणालो. आम्ही धुकं उठायची वाट बघत बसलो. मी तिला धुक्यात नाव चालवणं किती जोखमीचं असतं हे समजावून सांगितलं, मधूनमधून भोंगाही वाजवला. आईने बराच वेळ ऐकून घेतलं. मग तिने आपल्या बाजूच्या पडद्याचा कोपरा उचलला, डोकं बाहेर काढलं आणि पुन्हा आत घेतलं.

"आरं, भायेर लख्ख ऊन हाय," ती म्हणाली. "धुकं तू बांधून आणलंय व्हय?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मणी उन्हाने करपू नयेत म्हणून हा कागद मुद्दाम असा करतात की उजेड विखरून आत यावा. बागेत मी त्याच्याखाली उभं राहून वेली बघितल्या होत्या, घड बघितले होते. कागदाच्या पलीकडे बघायची वेळ माझ्यावर सगळ्या आयुष्यात कधी आली नव्हती. द्राक्षं पिकवणारा माणूसच अशी चूक करू शकतो, हे मी नंतर बायकोला अभिमानाने सांगून बघितलं. तिने तो अभिमान मान्य केला नाही.

पडदे वर करावेत तर आईला वारं लागणार. मग मी फक्त माझ्या बाजूचा पडदा फाडला आणि मान बाहेर काढून बोट हाकायला लागलो. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, तोंड वाकडं. आई आत अंधुक उजेडात शाल आवळून बसली होती.

काठ जवळ आला तेव्हा मावशी बाभळीपाशी उभी दिसली. तिचा हात वर होता. मी बघत असतानाच तो हळूहळू खाली आला. मग ती मटकन जमिनीवर बसली आणि तिने असा हंबरडा फोडला की शेजारच्या बकऱ्या उधळल्या.

तिच्या बाजूने बघा म्हणजे कळेल. दोन महिने आजारी असलेली बहीण. आज येणार असा निरोप. आणि समोरून येतेय पांढऱ्या कागदात गुंडाळलेली नाव, आत कुणी हलत नाही, बाहेर फक्त भाच्याचं रडवेलं तोंड.

"मी हाय गं!" आई आतून ओरडली. "मेले नाय अजून! ह्या येड्यानं गुंडाळलंय मला!"

त्या दिवशी आधी कुणी कुणाला पाहिलं यावर भांडण झालं नाही. मावशीने आईचा हात जेवतानाही सोडला नाही. मला मात्र पोटभर बोलणी बसली, आणि चुलीपुढून उठल्यावर पुन्हा एकदा बसली. "आणायचं तर उघडं आण, नायतर आणू नको," मावशी म्हणाली. मी ऐकून घेतलं. ओशाळलो होतोच, पण त्याहून जास्त घाबरलो होतो. संध्याकाळी आम्ही निघालो तरी मावशी आईला चाचपून बघत होती.

परत येताना मी कान धरला. दुसऱ्या दिवशी नाशिकला गेलो आणि द्वारका चौकाच्या पुढे रिक्षांचे हूड शिवतात तिथून पावसाळी पडद्यांचा जाड पारदर्शक कागद आणला. घेताना मी त्याच्या आडून दुकानदाराकडे बघितलं, मग त्याच्या पाठीमागच्या कॅलेंडरवरची तिथी वाचली. तो जरा विचित्र नजरेने बघत होता. बायकोने मशीनवर पडदे शिवले, प्रत्येकाला मधोमध चेन लावली. दोन सुया मोडल्या आणि दोन्ही वेळा तिने माझ्याकडे बघितलं. यावेळी मी बोट दिवसाउजेडी, काठाला, चारही पडदे सोडून तपासली. सगळं दिसत होतं. आत बसलं की वारा फक्त ऐकू यायचा.

पुढच्या रविवारी आम्ही निघालो तेव्हा मी अगदी जहाजाचा कप्तान झालो होतो. वळण ओलांडलं, मोठं पाणी आलं. पाणकावळे दिसत होते, पलीकडचे मळे दिसत होते, आणि बाभळीच्या डावीकडे, उन्हात, हिरव्या लुगड्यातली मावशीसुद्धा. तिचा हात वर होता.

"दिसली का मावशी?" मी छाती फुगवून विचारलं. "आहे की नाही काच?"

आई समोर बघत राहिली. मग म्हणाली, "मला कुठं दिसतंय तेवढ्या लांबचं."

मला वाटलं कागदावर वाफ धरली. मी बाहीने पुसायला लागलो.

"ते नको पुसू. डोळंच गेल्यात. लय दिस झालं," आई म्हणाली. "काठ दिसतो निस्ता, पट्ट्यासारका. वळान आलं की इंजिनाचा आवाज मोठा हुतो, मंग मी हात हलवती. तू मला सांग, मी तिला दिसती का?"

मी पडद्याकडे बघितलं. ऊन समोरून कागदावर पडलं होतं. बाहेरून तो भांड्यासारखा चमकत असणार, आत काय आहे ते कुणाला कळणार नव्हतं. इतके दिवस मी आतून बाहेर बघायची सोय करत होतो. मावशीचा हात पुन्हा हळूहळू खाली येऊ लागला होता.

"तिचा मालक गेला ना, तवा सांगावा नावंतूनच आला हुता," आई म्हणाली. "नावंत माणसं हुती, पर कुणी हात केला नाय. तवापासून मी हात करती. लांबून तिला हात दिसला की तिचा जीव भांड्यात पडतो. आन् तिला सांगू नको हां, डोळ्याचं. म्हनंल मंग आपलं भांडान खोटं हुतं."

मी आईच्या बाजूच्या पडद्याची चेन वरपासून खालपर्यंत उघडली. बायकोने इतकी छान शिवली होती की कुठे अडकली नाही. गार वारं भसकन आत आलं. डॉक्टर आठवले. मी माझं जाकीट काढून आईच्या अंगावर टाकलं, मफलर तिच्या डोक्याला बांधला, आणि बाराही महिन्यांच्या त्या बंदिस्त खोलीत पातळ शर्टावर कुडकुडत उभा राहिलो. व्हिडिओतली माणसं अशाच शर्टात होती.

आईने हात बाहेर काढला आणि जोरजोरात हलवायला लागली. ती अंदाजाने बाभळीच्या दिशेने हात करत होती. मावशी तर चांगली डावीकडे होती. मी सुकाणू थोडं फिरवलं, आईचा हात नेमका मावशीसमोर येईपर्यंत.